झोप जास्त, भूक जास्त, तरीही नैराश्य : अटिपिकल डिप्रेशनवरील उपचार आणि जबलपूर जिल्ह्यातील मोफत सुविधा

ही माहिती जबलपूर शहरात व जिल्ह्यात राहणाऱ्या मराठी भाषक लाभार्थ्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे.

नैराश्य म्हटले की झोप उडालेली, जेवण सुटलेले, सुकत चाललेले माणूस डोळ्यांसमोर येते. नैराश्याचा एक प्रकार मात्र याच्या उलट दिसतो. माणूस दहा-बारा तास झोपतो, भूक वाढते, वजन वाढते, हातपाय जड होतात. चांगली बातमी आली किंवा आवडते माणूस भेटले की काही काळ तो हसतो-बोलतोही. या प्रकाराला डॉक्टर अटिपिकल डिप्रेशन म्हणतात. अटिपिकल म्हणजे नेहमीच्या साच्यात न बसणारे. दुर्मीळ असा त्याचा अर्थ नाही. घरात मात्र याला बहुतेक वेळा आजार मानलेच जात नाही. सून असेल तर 'आळशी', मुलगा असेल तर 'कामचुकार' आणि नोकरदार असेल तर 'नाटक करतो' असे म्हटले जाते. त्यामुळे औषध मोफत उपलब्ध असूनही ते घ्यायला कोणी जात नाही.

तातडीची सूचना : जीव नकोसा वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील किंवा घरातील कोणी तसे बोलत असेल तर पुढील माहिती नंतर वाचा. आधी १४४१६ या टेली मानस क्रमांकावर फोन करा. फोन मोफत आहे आणि दिवसरात्र केव्हाही करता येतो. धोका समोर दिसत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. घरातील कीटकनाशके, फिनाईल, जास्तीची औषधे कुलपात ठेवा.

आजार कसा ओळखावा

पहिली खूण म्हणजे मन तात्पुरते उजळणे. उदासी असतेच, पण काही चांगले घडले की मन थोडा वेळ वर येते. भाचीचे लग्न ठरले, जुनी मैत्रीण घरी आली, की चेहरा खुलतो. ती गेली की संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. नातेवाईक नेमके याच गोष्टीवर बोट ठेवतात : पाहुण्यांसमोर हसता येते, मग आजार कसला? उत्तर असे आहे की हे हसणे आजार नसल्याचा पुरावा नव्हे. या आजाराच्या व्याख्येतच ते बसते.

याच्या जोडीला पुढील चारपैकी किमान दोन लक्षणे, साधारण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवस दिसतात. झोप खूप वाढते; रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसा पुन्हा झोपावेसे वाटते. भूक किंवा वजन वाढते. गोड, तळलेले, भात-पोळी यांकडे ओढ जाते. हातापायांत शिसे ओतल्यासारखा जडपणा येतो; कपडे वाळत घालायला हात वर नेणेही कष्टाचे होते. चौथे लक्षण शरीराचे नाही, स्वभावाचे वाटते, म्हणून ते डॉक्टरांना कोणी सांगतच नाही. कोणी आपल्याला नाकारले, टाकून बोलले, उत्तर दिले नाही, की ते इतके लागते की माणूस कामावर जाणे सोडतो किंवा नाती तोडतो. हा हळवेपणा उदासी नसतानाही बरीच वर्षे असू शकतो.

हा प्रकार अनेकदा तरुणपणी, काही वेळा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. सुरुवात कमी वयात झाल्यामुळे 'हिचा स्वभावच असा' हा शिक्का लवकर बसतो.

मात्र जास्त झोप आणि वाढते वजन याची कारणे इतरही असतात. थायरॉइडची कमतरता, रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, मधुमेह आणि झोपेत घोरताना श्वास अडकण्याचा विकार यांतही थकवा व सुस्ती येते. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी रक्ताच्या चाचण्या लिहून दिल्या तर त्या टाळू नका. तसेच ताकदीचे इंजेक्शन किंवा सलाईन घेऊन समाधान मानू नका; त्याने नैराश्य जात नाही, फक्त पैसे जातात.

उपचार कोठे मिळतो

जबलपूरमध्ये सरकारी मनोविकार सेवेची दोन मुख्य ठिकाणे आहेत. पहिले, शहरातील सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे आजही व्हिक्टोरिया हॉस्पिटल म्हणतात. मध्य प्रदेशातील जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली 'मन कक्ष' या नावाने कक्ष चालवला जातो. तेथे तपासणी, समुपदेशन आणि औषधे मिळतात. पाटी हिंदीत असते, त्यामुळे खिडकीवर 'मन कक्ष' हेच शब्द वापरून विचारा. दुसरे ठिकाण म्हणजे नागपूर रस्त्यावरील नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग. निदान अवघड असेल, आधीच्या औषधाने गुण आला नसेल किंवा दाखल करावे लागत असेल तर येथे जावे. ओपीडीचे वार व वेळा बदलत असतात. निघण्यापूर्वी चौकशी करून घेतली तर फेरी वाया जात नाही.

सिहोरा, पाटन, पनागर, कुंडम या भागांतील लाभार्थ्यांना पहिल्याच भेटीसाठी शहरात येण्याची गरज नाही. गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातील सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांकडून ई-संजीवनी या सेवेद्वारे डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येते. आशाताईंना सांगितले तरी त्या योग्य ठिकाणी पाठवतात. गावात बोभाटा होईल अशी धास्ती वाटत असेल तर थेट टेली मानसला फोन करावा.

टेली मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती २० भाषांत उपलब्ध आहे आणि त्यांत मराठी आहे. फोन लागल्यावर भाषा निवडावी लागते. हिंदीत व्यवहार करता येत असला तरी मनातले दुखणे मायबोलीतच नीट सांगता येते, म्हणून मराठी निवडायला संकोच करू नका. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज पडल्यास ते मनोविकारतज्ज्ञांशी जोडून देतात.

आयुध निर्माणी, वाहन निर्माणी किंवा रेल्वेत काम करणाऱ्यांनी आणि तेथून निवृत्त झालेल्यांनी आधी आपले निर्माणी रुग्णालय, रेल्वे रुग्णालय किंवा सीजीएचएस दवाखाना यांमधून संदर्भपत्र घ्यावे. ईएसआय कार्ड असलेल्या कामगारांनी ईएसआय दवाखान्यात जावे. या सर्वांनाही वर सांगितलेल्या सरकारी ठिकाणी जाण्यास आडकाठी नाही.

डॉक्टरांना काय सांगावे

ओपीडीत गर्दी असते आणि डॉक्टरांकडे मोजकी मिनिटे असतात. 'थकवा आहे, अंग जड वाटते' एवढेच सांगितले तर लोहाच्या गोळ्या घेऊन परत येण्याची शक्यता जास्त. त्यामुळे घरूनच एका कागदावर लिहून न्या : रोज किती तास झोपता, गेल्या सहा महिन्यांत वजन किती वाढले, चांगल्या प्रसंगी मन किती वेळ बरे राहते, कोणाचे बोलणे लागल्यामुळे काय काय सोडले. सुरू असलेल्या सर्व गोळ्या सोबत घ्या.

तीन गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी सांगाव्यात. एक, आयुष्यात कधी याच्या अगदी उलट अवस्था आली होती का? म्हणजे चार-पाच दिवस किंवा अधिक काळ झोपेची गरजच न वाटणे, अखंड बडबड, अफाट खर्च, मोठमोठ्या योजना. असे झाले असेल तर तो बायपोलर म्हणजे द्विध्रुवी विकार असू शकतो. त्या विकारातील नैराश्यात जास्त झोप आणि जडपणा वारंवार दिसतो. अशा रुग्णाला फक्त नैराश्यावरची गोळी दिल्यास मन एकदम उलट टोकाला जाण्याचा धोका असतो, म्हणून औषधयोजना वेगळी असते. दोन, औषध-प्रतिरोधक क्षयरोगाचे उपचार सुरू आहेत का? त्यातील लिनेझोलिड या औषधाची नैराश्यावरील गोळ्यांशी धोकादायक आंतरक्रिया होऊ शकते. निक्षयमध्ये नोंद असलेल्या रुग्णांनी हे अगदी न विसरता सांगावे. तीन, दारू. मोहाची असो वा दुकानातली, ती उदासी वाढवते आणि गोळीचा परिणाम बिघडवते. ओपीडीत हे सांगण्यासाठी कोणी रागावणार नाही.

औषधे

या आजाराचा शोधच एका औषधामुळे लागला. क्षयरोगावरील इप्रोनियाझिड घेणाऱ्या रुग्णांची मनःस्थिती सुधारते, हे १९५० च्या दशकात लक्षात आले. १९५९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील वेस्ट आणि डॅली या डॉक्टरांनी लिहिले की नेहमीच्या नैराश्यापेक्षा वेगळ्या लक्षणांचे काही रुग्ण या औषधाने विशेष बरे होतात. पुढे याच गटातील फेनेल्झिन हे औषध अटिपिकल डिप्रेशनमध्ये इमिप्रामिन या जुन्या गोळीपेक्षा अधिक गुणकारी असल्याचे न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासांत दिसले. पण या गटाची औषधे घेताना मुरवलेले चीज, आंबवलेले सोया असे पदार्थ वर्ज्य करावे लागतात. पथ्य मोडले तर रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर जातो. त्यामुळे पहिला उपचार म्हणून ती आता देत नाहीत. इंटरनेटवर 'या आजारावर हेच सर्वोत्तम औषध' असे वाचून कोणी ती मागवू नयेत.

आज उपचाराची सुरुवात साधारणपणे एसएसआरआय गटातील गोळीने होते : फ्लुऑक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिन. यांपैकी फ्लुऑक्सेटिन आणि एस्सिटॅलोप्रॅम ही दोन्ही २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. फ्लुऑक्सेटिन सहसा सकाळी घ्यायला सांगतात, कारण ते थोडी तरतरी आणते; आधीच जास्त झोपणाऱ्याला ते सोयीचे पडते. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता वाटू शकते. बहुतेकांची ती कमी होत जाते. लैंगिक इच्छा कमी होणे हाही एक परिणाम आहे. लाजेपोटी तो न सांगता पुष्कळजण गोळीच बंद करतात. सांगितल्यास डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही गोळी तापाच्या गोळीसारखी नाही. फरक जाणवायला २ ते ४ आठवडे लागतात आणि औषध लागू पडते की नाही हे ठरवायला ६ ते ८ आठवडे. दुसऱ्याच आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडलेले औषध हे वाया गेलेले औषध. बरे वाटू लागल्यावरही साधारण ६ ते ९ महिने ते सुरू ठेवावे लागते; आजार पुन्हा पुन्हा होत असेल तर अधिक काळ. बंद करतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात, कारण एकदम सोडल्यास चक्कर, चिडचिड, अंगात विजेचे झटके आल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. २५ वर्षांखालील रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा १४४१६ वर कळवावे.

या प्रकारच्या नैराश्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. अमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिन या गोळ्यांनी झोप व भूक वाढते. झोप उडालेल्या रुग्णाला त्या उपयोगी पडतात, पण आपला त्रास उलटा आहे. अशी गोळी लिहून दिलेली दिसली तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारा : 'मला आधीच खूप झोप येते, वजन वाढले आहे, याला पर्याय आहे का?' काही रुग्णांना बुप्रोपिऑन हे औषध दिले जाते. त्याने वजन सहसा वाढत नाही आणि सुस्ती कमी होते. मात्र फिट येत असणाऱ्यांना ते चालत नाही. अल्प्राझोलामसारखी 'टेन्शनची गोळी' औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय घेणे हा या आजारावरचा उपचार नव्हे. तिची सवय लागते आणि सुस्ती वाढते.

गर्भवती व स्तनदा मातांनी गोळी स्वतःहून सुरूही करू नये आणि बंदही करू नये. अनेक वेळा ती सुरू ठेवणेच आई व बाळासाठी अधिक सुरक्षित असते, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

बोलून होणारा उपचार

गोळी म्हणजेच उपचार आणि समुपदेशन म्हणजे नुसता उपदेश, असा समज आहे. तो बरोबर नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे झालेल्या अभ्यासात अटिपिकल डिप्रेशनच्या १०८ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला फेनेल्झिन, दुसऱ्याला फक्त संज्ञानात्मक उपचारपद्धतीच्या बैठका आणि तिसऱ्याला औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. १० आठवड्यांनंतर पहिल्या दोन्ही गटांत ५८ टक्के रुग्णांना गुण आला, तिसऱ्यात २८ टक्क्यांना. म्हणजे या आजारात योग्य पद्धतीने केलेले बोलणे औषधाच्या बरोबरीने काम करू शकते. मात्र तेथे आठवड्याला दोन बैठका होत होत्या. आपल्या सरकारी रुग्णालयांत एवढा वेळ मिळणे कठीण असते. म्हणून मध्यम किंवा तीव्र त्रासात गोळी आणि समुपदेशन दोन्ही एकत्र घेणे व्यवहार्य ठरते.

समुपदेशक काय करतात? समजा, जाऊबाईंनी फोन उचलला नाही. लगेच मनात येते, 'मी त्यांना नकोशी आहे.' मग दिवसभर अंथरूण. समुपदेशक हा प्रसंग वहीत मांडायला सांगतात : काय घडले, मनात काय आले, त्याचा पुरावा काय, दुसरे कोणते कारण असू शकते. त्या कदाचित स्वयंपाकघरात असतील, फोन मुलांच्या हातात असेल. आठवडे-दोन आठवडे असे लिहिल्यावर माणसाला दिसू लागते की मन प्रत्येक वेळी त्याच खड्ड्यात पडते. चौथ्या लक्षणावर, म्हणजे नाकारले जाण्याच्या भीतीवर, हा उपाय खास उपयोगी आहे.

जडपणावर दुसरी पद्धत वापरतात. 'मन झाले की करीन' असे न म्हणता, ठरलेल्या वेळी ठरलेले छोटे काम करायचे आणि मन मागून येऊ द्यायचे. सकाळी ७ वाजता अंथरूण उचलून ठेवणे, उजेडात १० मिनिटे चालणे, एका माणसाशी बोलणे. पहिल्या आठवड्यात एवढेच. ते जमले की वाढवायचे. ग्वारीघाटापर्यंत जाण्याचा बेत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यासाठी ठेवा. पहिल्याच दिवशी मोठा संकल्प केला आणि मोडला तर 'मी काही कामाची नाही' याला आणखी एक पुरावा मिळतो. नियमित व्यायामाने नैराश्य कमी होण्यास मदत होते. झोपण्या-उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे व दिवसाची झोप अर्ध्या तासावर आणणे हेही याच उपचाराचा भाग.

शॉक म्हणून ओळखला जाणारा ईसीटी उपचार या प्रकारात क्वचितच लागतो. जीवाला धोका असेल किंवा इतर काहीच लागू पडत नसेल तेव्हा त्याचा विचार होतो. भूल न देता ईसीटी करण्यास कायद्याने बंदी आहे.

मोफत उपचार हा कायदेशीर हक्क

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ नुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे बीपीएल कार्ड असो वा नसो, तसेच निराधार व बेघर व्यक्तीला, सरकारी मानसिक आरोग्य संस्थांत उपचार पूर्णपणे मोफत आहेत. 'कार्ड असो वा नसो' हे शब्द कायद्यातलेच आहेत. कार्ड नाही म्हणून कोणी परत पाठवत असेल तर हे सांगावे. शिवाय सरकारच्या अत्यावश्यक औषध यादीतील मनोविकाराची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सर्व मनोरुग्णांना मोफत मिळाली पाहिजेत, असेही हेच कलम सांगते. यासाठी उत्पन्नाची अट नाही.

याच कायद्याने आजाराची व उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क दिला आहे. आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही आहे. रुग्णालय ती आपल्या मालकाला किंवा सासरच्यांना परस्पर देऊ शकत नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे कायदा गृहीत धरतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने अशा रुग्णाला रुग्णालयात नेण्यास उशीर करू नये.

रुग्णालयात औषधाचा साठा संपला असेल तर प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रात वर सांगितलेल्या गोळ्या कमी किमतीत मिळतात. त्यासाठी डॉक्टरांना कंपनीचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव लिहिण्याची विनंती करा.

आयुष्मान कार्ड कोठे चालते, कोठे नाही

येथेच सर्वाधिक गैरसमज होतो. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण रुग्णालयात दाखल झाल्यावरच. ओपीडीतील तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या यांना हे कार्ड लागू नाही. अटिपिकल डिप्रेशनच्या बहुतेक रुग्णांना दाखल होण्याची गरजच नसते. कार्ड घेऊन खासगी मनोविकारतज्ज्ञाकडे गेल्यास फी स्वतःलाच भरावी लागेल. यात कार्डाचा दोष नाही; ओपीडीसाठी मन कक्ष आणि मेडिकल कॉलेज ही वाट वेगळी आहे. दाखल व्हावेच लागले तर मनोविकारांची पॅकेजेस योजनेत आहेत, मात्र ती मुख्यत्वे सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. दाखल होण्यापूर्वी तेथील आयुष्मान मित्राकडून खात्री करून घ्या. कार्ड इतर राज्यांतील सूचीबद्ध रुग्णालयांतही चालते, त्यामुळे नातेवाइकांच्या आधारासाठी नागपूरला उपचार घेणाऱ्यांचीही सोय होऊ शकते.

कार्ड काढण्यासाठी मध्य प्रदेशात आधार आणि समग्र आयडी लागतो. शिधापत्रिकेची पात्रता पर्ची किंवा संबल कार्ड असलेली कुटुंबे पात्र गटांत येतात. ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. योजनेची चौकशी १४५५५ या क्रमांकावर करता येते.

नावांचा एक घोळ लक्षात ठेवा. मध्य प्रदेशात या योजनेला 'आयुष्मान भारत निरामयम्' म्हणतात. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना पूर्णपणे वेगळी आहे. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी आहे; नैराश्याला लागू नाही. त्या योजनेचा अर्ज भरून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

खासगी आरोग्य विमा असेल तर वरील कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपनीने मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच तरतूद करायला हवी. पॉलिसीच्या इतर अटी मात्र लागू राहतात.

दिव्यांग प्रमाणपत्र मिळते का

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये 'मानसिक आजार' हा दिव्यांगत्वाचा एक प्रकार आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व ठरल्यास यूडीआयडी कार्डाच्या आधारे योजनांचा लाभ घेता येतो. परंतु उपचाराने सुधारणाऱ्या नैराश्यात एवढी टक्केवारी सहसा ठरत नाही. वर्षानुवर्षे टिकलेला, काम व स्वतःची देखभाल अशक्य करणारा आजार असेल तर मनोविकारतज्ज्ञांशी बोलून मगच अर्ज करावा. प्रमाणपत्राच्या आशेने उपचार लांबवणे नुकसानकारक आहे.

घरच्यांनी काय करावे

गोळीची वेळ आठवण करून द्या, पहिल्या दोन-तीन भेटींना सोबत जा आणि झोपेचा हिशेब काढून टोमणे मारू नका. या आजारात टोमण्याची जखम इतरांपेक्षा खोल जाते, हे वर आलेच आहे. वजनावरची थट्टाही त्यातच मोडते. 'चल, माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत ये' हे वाक्य 'ऊठ, किती झोपशील' यापेक्षा उपयोगी पडते. एखाद्या दिवशी ती व्यक्ती हसली म्हणून गोळी बंद करू नका. देवदर्शन, उपास, दत्ताच्या देवळातील आरती यांनी धीर येत असेल तर ते जरूर करावे. गोळी मात्र त्याच्या बरोबरीने सुरू ठेवावी.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झाले. मध्य प्रदेश हे त्यातील १२ राज्यांपैकी एक होते. देशात नैराश्य असलेल्या १०० पैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत, असे त्यात आढळले.

अडचण आल्यास

औषध नाकारले, पैसे मागितले किंवा माहिती बाहेर फुटली तर आधी रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दाद न मिळाल्यास सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा, किंवा मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयातील जनसुनवाईत अर्ज द्या. मोफत वकिलासाठी १५१०० वर फोन करून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधता येतो. रुग्णालयात जाताना आधार, समग्र आयडी, जुन्या पर्च्या, चाचण्यांचे अहवाल आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत ठेवा. आधार नाही म्हणून तातडीचा उपचार थांबवता येत नाही.